रोडग्याचं जेवण : आधी कोणी बसायचं?

मार्गशीर्ष लागला, की आमच्या वऱ्हाडात वावरातल्या जेवणांना सुरुवात होते. कपाशीची एखादी वेचणी घरात आलेली असते, तूर शेंगांनी वाकलेली असते, हरभरा घाटे धरू लागतो आणि वाडीतली वांगी तर ऐन भरात असतात. संत्र्याचा आंबिया बहार तुटून गेला असला तर हातात चार पैसेही असतात. अशा वेळी पारावर बसल्या बसल्या कोणीतरी म्हणतं, "या आयतवारी वावरात रोडगे करू न!" एवढं म्हटलं, की झालं. कोणाला आमंत्रणपत्रिका लागत नाही. कोणी डाळ आणतो, कोणी वांगी तोडून आणतो, कोणी घरून तुपाची बरणी उचलतो. बहिणीच्या गावाला निरोप जातो आणि जावई, भाचे यांच्यासह सगळं लटांबर रविवारी दहालाच विहिरीवर हजर होतं.

इतर भागातल्या वाचकांसाठी सांगतो. रोडगा म्हणजे गव्हाच्या जाड्याभरड्या कणकेचा, गोवऱ्यांच्या विस्तवावर भाजलेला गोळा. खानदेशातली बट्टी, माळव्यातली बाटी आणि आमचा रोडगा ही एकाच घरातली भावंडं म्हणा ना. कणकेत मीठ, ओवा आणि तेलाचं कडकडीत मोहन घालून ती घट्ट भिजवायची. मग एका लहान पारीला तेल लावून ती दुसऱ्या पारीत बंद करायची, ती तिसरीत, असे तीन-चार पदर करून गोळा वळायचा. या पदरांमुळेच रोडगा आतून मोकळा भाजतो. नुसताच गोळा वळून विस्तवात टाकला, तर वरून कोळसा आणि आत कच्ची कणीक. शहरातले पाहुणे हौसेनं वळायला बसतात तेव्हा हमखास हेच होतं. त्यांचे रोडगे आम्ही खूण करून बाजूला ठेवतो आणि त्यांचे त्यांनाच वाढतो.

गोवऱ्या रचून पेटवल्या, की त्याला जगरा म्हणतात. जाळ निवून निखारे लाल झाले, की रोडगे त्यावर मांडायचे, फिरवत राहायचं आणि सगळीकडून डाग पडले की गरम राखेत झाकून टाकायचे. इथं घाई उपयोगाची नाही. जगरा पेटवल्यापासून पहिला रोडगा पानात पडेपर्यंत दीड तास सहज जातो. आमच्या घरचा अंदाज असा : वीस माणसांना चार किलो भरड कणीक, किलोभर तुरीची डाळ, तीन किलो वांगी आणि पस्तीस-चाळीस गोवऱ्या. राखेतून काढलेला रोडगा धडप्यानं झटकायचा, पत्रावळीवर फोडायचा, त्यात तूप सोडायचं, वरून घट्ट वरण. शेजारी देठासकट चिरलेल्या वांग्यांची तेलाचा तवंग आलेली भाजी, त्यात हिरव्या तुरीचे सोले असले तर काय विचारता. तोंडी लावायला मुळा, कांद्याची पात आणि ठेचा.

एक सावधगिरीची गोष्ट लगेच सांगून टाकतो. जगरा कुटाराच्या ढिगापासून, गंजीपासून आणि वेचलेल्या कापसापासून दूर, वारा पाहून लावावा. दोन बादल्या पाणी जवळ भरून ठेवावं. जेवण झाल्यावर राखेवर पाणी मारल्याशिवाय कोणी घरी जाऊ नये. राखेखालचा निखारा संध्याकाळपर्यंत जिवंत असतो.

आता मुद्द्याचं. रोडग्याच्या जेवणाची आमच्याकडची खरी गंमत ही, की ते माणसं करतात. माणसं म्हणजे पुरुष. घरी ज्यानं कधी चहाचं आधण ठेवलं नाही, तो गडी वावरात परातीपुढे मांडी घालून कणीक तिंबतो, डोळ्यांत धूर घेत रोडगे उलटतो आणि भाजीत तिखट किती यावर भांडतो. बायकांना त्या दिवशी सुट्टी. निदान असं म्हणतात तरी. प्रत्यक्षात काय होतं? घरून मीठ-मसाला बांधून कोण देतं? वांगी कोण चिरतं? वरणाला फोडणी कोण देतं? आणि सगळं झाल्यावर पहिली पंगत कोणाची बसते?

सन १९७८ च्या सुमाराची गोष्ट आहे. मी दहा-अकरा वर्षांचा होतो. आमचं वावर चांदूर बाजार तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यात. तेव्हा घर एकत्र होतं आणि वडिलांचे थोरले भाऊ, आमचे मोठेबाबा, कारभार पाहत. त्या वर्षी तीस-पस्तीस माणसं रोडग्याला जमली होती. मागच्या वर्षी असंच जेवण झालं, त्यात पुरुषांची पंगत उठली, पोरं जेवली, पाहुणे जेवले आणि माझी माय, काकू, आत्या बसल्या तेव्हा वांग्याच्या पातेल्यात नुसता रस्सा होता आणि रोडगे थंड दगड झाले होते. कोणी तक्रार केली नव्हती. तक्रार करायची असते हेच त्यांना ठाऊक नव्हतं. पण मोठेबाबांनी ते पाहिलं होतं असं दिसतं.

मोठेबाबा माझ्या मायेशी समोरासमोर बोलत नसत. भासऱ्यानं धाकट्या भावजयीशी बोलायचं नाही अशी तेव्हाची रीत. माय पदर ओढून विहिरीच्या काठाआड उभी. म्हणून ते आत्याला उद्देशून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आज बाया पह्यले बसतीन. माणसं वाढतीन."

आत्या म्हणाली, "दादा, आमी बसू न मांगून. कायची घाई हाय?"

"घाई नाई. रोडगे गरम हायेत. बसा म्हनतो त बसा."

बायका बसल्या खऱ्या, पण त्यांना बसता येईना. माझी माय तर दर घासाला उठायला बघे. कोणाला पाणी हवं का, पोरांना दिलं का, याचीच चिंता. वडील हातात वरणाची बादली घेऊन ओळीतून फिरत होते आणि लाजेनं त्यांची मान वर होत नव्हती. शेजारच्या वावरातले दोघे-तिघे धुऱ्यावर उभे राहून हसत होते. एवढ्यात मायेनं रोडगा फोडला, आत पाहिलं आणि हळूच आत्याला म्हणाली, "याचं पोट कच्चं हाय व."

सगळे चूप. मायेनं जेवणाला नाव ठेवल्याचं मी जन्मात पहिल्यांदाच ऐकलं. आजवर नावं ठेवणारे आम्ही आणि ऐकून घेणारी ती. मोठेबाबा जगऱ्यापाशी बसले होते. ते मोठ्यानं हसले आणि म्हणाले, "आण तो इकडं, पुन्हा घालतो राखेत. खानारा बसल्याबिगर रांधनाराले समजत नाई."

त्या वर्षापासून आमच्या घरी रोडग्याला बायकांची पंगत पहिली. घरी मात्र महालक्ष्म्यांच्या जेवणाला, लग्नाकार्याला जुनाच क्रम चालू राहिला, हेही कबूल केलं पाहिजे.

एकनाथ महाराजांच्या भारुडातली सून आठवते का? सासरा, सासू, जाऊ, नणंद, सगळ्यांची काही ना काही सोय लाव असं साकडं ती भवानीआईला घालते आणि त्याबद्दल रोडगा कबूल करते. भारूड रंगलं की आपण पोट धरून हसतो. महाराजांनी त्यात परमार्थ भरला आहे हे खरंच. पण चुलीपुढे राबणाऱ्या बाईला त्यातला वरवरचा अर्थही चटकन कळत असणार. नवसालासुद्धा तिनं रोडगाच कबूल करावा, पुरणपोळी नाही, यात मला तरी मोठी खुबी वाटते.

पंगतीचा प्रश्न नुसता बायकांचाही नाही. आमच्या लहानपणी सालदार बांधावर वेगळा बसायचा आणि त्याला वरून वाढायचे. पंगतीत कोण, काय आणि कोणाशेजारी, या गोष्टी माणसं ठरवतात आणि माणसंच बदलू शकतात. गाडगेबाबा आपल्याच जिल्ह्यातले, अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचे. त्यांचा जन्म १८७६ चा. मुलीच्या बारशाला जातभाईंना मटण आणि दारू देण्याचा रिवाज होता. त्या गृहस्थानं तो मोडला आणि गोडाचं जेवण वाढलं. घर सोडण्याच्या, म्हणजे १९०५ च्या, आधीची ही गोष्ट. जातीचा रोष घेऊन जेवणाचा बेत बदलणं म्हणजे साधं काम नाही. आज आपल्याला ताट-वाटीचा क्रम बदलायला जड जातं, यावरून समजून घ्यावं. आमच्याकडे सालदार पंगतीत आला तो रोडग्यामुळेच, कारण जगऱ्यावर त्याच्याइतका जाणकार हात कोणाचा नव्हता. राखेत रोडगा घालणाऱ्याला बांधावर कसं बसवणार?

रोडग्याची सगळ्यात मोठी पंगत पाहायची असेल, तर आमच्याच तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी बहिरमला जावं. डिसेंबरच्या विसाव्या तारखेच्या आसपास यात्रा सुरू होते ती जानेवारीच्या शेवटापर्यंत चालते. बहिरमबुवाला रोडग्याचा नैवेद्य. माणसं राहुट्या ठोकून मुक्काम करतात, सोयरे-मित्र गोळा करतात. खाणारे गोवऱ्यांच्या जाळावर मातीच्या हंडीत मटण शिजवतात, माळकरी वांग्याची भाजी. देवापुढच्या पशुहत्येविरुद्ध गाडगेबाबांनी इथं कीर्तनं केली. राहुट्यांतून फिरताना मी मुद्दाम पाहतो, हंडीपाशी बहुतेक ठिकाणी पुरुषच बसलेले असतात. पण शेवटी राखेनं हंडी घासायला कोण बसतं, तेही पाहतो.

हुरड्याबद्दल थोडं. पूर्वी दिवाळीच्या मागं-पुढं वाणीच्या ज्वारीचा हुरडा हे आमचं दुसरं वावरातलं जेवण होतं. कोवळं कणीस विस्तवात भाजायचं, हातावर चोळायचं, जवसाची चटणी आणि गूळ. आता ज्वारीच राहिली नाही तर हुरडा कुठला? सोयाबीन आलं, वावरंच्या वावरं त्याखाली गेली आणि उरलेल्या चार तासांतल्या ज्वारीवर पाखरं आणि रानडुकरं तुटून पडतात. एकट्यानं ज्वारी पेरली की सगळ्या शिवारातली पाखरं त्याच्याकडेच जेवायला. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं खास हुरड्यासाठी पीडीकेव्ही कार्तिकी हा वाण काढला आहे. चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून एकाच पट्ट्यात पेरला, तर राखणीही वाटून घेता येते.

आता अलीकडचं सांगून थांबतो. मोठेबाबा गेले, वाटण्या झाल्या. माझं आणि चुलतभावाचं वावर लागून. एका वर्षी नांगरणीत धुरा दोन तास सरकला. त्यांच्या बाजूनं सरकला की आमच्या, यावर आजही दोन मतं आहेत. मोजणीचा अर्ज झाला, बोलणं बंद झालं आणि रोडगेही बंद झाले. म्हणजे दोन्ही घरी वेगवेगळे होत, पण पाच माणसांत जगरा लावून काय चव येणार? अशी चार वर्षं गेली.

चौथ्या वर्षी मार्गशीर्षात चुलतवहिनीनं पोराच्या हाती निरोप धाडला. "काकाले सांग, आयतवारी जगरा लावाचा हाय. आमच्याकडं गोवऱ्या नाई, तुमच्या घरून पायजेत."

यात तिचं डोकं पाहा. त्यांच्याकडे ट्रॅक्टर आला तशी जनावरं गेली. माझ्याकडे अजून एक बैलजोडी आणि दोन गाई आहेत. 'या' असं तिनं म्हटलं असतं, तर मी मानावर गेलो असतो. तिनं वस्तू मागितली. मागितलेल्या गोवऱ्या नाही म्हणणारा शेतकरी मी तरी पाहिला नाही.

बैलगाडीत गोवऱ्या घालून गेलो. चुलतभाऊ परातीपुढं बसला होता. त्यानं वर न पाहता परात थोडी सरकवली, मी समोर बसलो. दोघांनी एका परातीत कणीक तिंबली. पारी मोठी झाली, मोहन कमी पडलं, एवढंच काय ते बोलणं. पण त्याच परातीच्या दोन कडांना आमचे बाप बसायचे हे दोघांनाही आठवत होतं.

बायकांची पंगत बसली. माझी माय आता ऐंशीच्या पुढची. तिला खुर्चीवर बसवून ताट हातात दिलं. दात नाहीत, म्हणून रोडगा वरणात बारीक कुस्करून दिला. तिच्या दोन्ही बाजूंना आमच्या घरच्या दोघी जावा. मी वरण वाढत होतो, चुलतभाऊ तूप. मायेनं एक घास घेतला, थांबली आणि दोघांकडं पाहून म्हणाली, "मीठ कमी हाय बाप्पा."

चुलतभाऊ पळत जाऊन मीठ घेऊन आला.

धुऱ्याचा निकाल अजून लागलेला नाही. मोजणीचा अर्जही कोणी मागं घेतलेला नाही. यंदा वांगी त्यांची, डाळ आमची आणि गोवऱ्या पुन्हा आमच्याच. त्या मी दसऱ्यापासूनच थापून वाळवायला लावल्या आहेत.