गॅस आला, तरी धूर का राहिला?

बेळगावातल्या आमच्या गल्लीत घरोघरी गॅस आहे. तरी पहाटे बाहेर पडलं की धुराचा वास येतोच. न्हाणीत बंब पेटलेला असतो, परसात चुलीवर भाकरी.

नवी शेगडी आली की चूल जाते, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात दोन्ही एकाच घरात नांदतात. १४.२ किलोचा सिलिंडर महिनाभर पुरवायचा, तर सगळ्यांच्या अंघोळीचं पाणी त्यावर कोण तापवणार? इंडक्शन शेगडीत चुंबकीय क्षेत्रामुळे भांड्याचा तळच तापतो, म्हणून उष्णता कमी वाया जाते. पण तळाला चुंबक चिकटलं पाहिजे. साधी तांब्याची, अ‍ॅल्युमिनियमची भांडी तिथं चालत नाहीत. शिवाय भाकरी फुगवायला जाळ नाही.

इकडे लाकडाच्या धुरातले सूक्ष्म कण फुप्फुसात खोलवर जातात. चुलीपाशी बसते आजी, खोकतेही तीच.

म्हणून ‘तुमच्याकडे गॅस आहे का?’ एवढं विचारून भागत नाही. ‘पाणी कशावर तापवता? भाकरी कशावर भाजता?’ हेही विचारायला हवं. सुरुवात आपल्याच घरापासून करूया.