उतारावरचा प्लॉट: घराचे चारही कोपरे एकाच जमिनीवर आहेत का?

ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा मजकूर. आजचा विषय माती. शेतातली नाही, घराच्या पायाखालची. आणि घरही सपाटीवरचं नाही, टेकडीच्या उतारावरचं.

जळगाव-धुळ्याकडच्या माणसाला काळ्या मातीचा स्वभाव सांगावा लागत नाही. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, मे महिन्यात भेगांमध्ये हात जाईल इतकी फाटते. म्हणून टेकडीवर प्लॉट घेतला की लोक निर्धास्त होतात. "खाली मुरूम आहे, टेन्शन नाही!" मुरूम चांगलाच, त्यात वाद नाही. पण प्रश्न असा आहे की तुमचं अख्खं घर मुरमावर बसणार आहे का?

समजा, प्लॉटच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत दोन मीटरचा उतार आहे. जेसीबी येतो, वरच्या बाजूला मीटरभर खोदतो आणि निघालेली माती खालच्या बाजूला लोटतो. संध्याकाळपर्यंत प्लॉट कॅरमबोर्डसारखा सपाट! दिसायला छान. पण आता मागचे दोन कोपरे मूळच्या मुरमावर आहेत आणि पुढचे दोन भुसभुशीत भरावावर. त्या भरावाखाली जुनी काळी माती तशीच राहिली असेल तर आणखी वाईट. पाणी मुरलं की भराव दबतो. सगळं घर सारखं दबलं असतं तर एवढं बिघडलं नसतं. इथे एक बाजू खाली जाते, दुसरी जागेवर राहते, आणि मधली भिंत तिरकी फाटते. प्लास्टर कितीही वेळा करा, भेग परत येते, कारण दुखणं खाली आहे.

हे आधी कसं ओळखायचं? पहिलं काम मोबाइलवर. गूगल अर्थमध्ये जागेची जुन्या वर्षांची चित्रं बघता येतात. आज सपाट दिसणाऱ्या प्लॉटवरून तेव्हा नाला जात होता का, ते बघा. नाला बुजवला तरी पाणी आपली वाट विसरत नाही.

दुसरं, प्लॉट दोनदा बघा. मे महिन्यात भेगा बघा, आणि ऑगस्टमध्ये जोराचा पाऊस उघडल्यावर पाझर बघा. आपल्याकडचा काळा खडक म्हणजे लाव्ह्याचे एकावर एक बसलेले थर. दोन थरांच्या मध्ये कधी कधी लाल मातीचा पातळ पट्टा असतो. तो मऊ असतो आणि पाणी बऱ्याचदा त्याच्या वरून बाहेर झिरपतं. झाडांचे बुंधे किंवा विजेचे खांब एकाच दिशेला कललेत, उतारावर आडव्या भेगा आहेत, असं दिसलं तर उतारच सरकत असू शकतो.

"दरडी कोकणात पडतात, आपल्याकडे पाऊसच किती?" असं म्हणू नका. 31 ऑगस्ट 2021 ला अतिवृष्टीने चाळीसगावात पूर आला आणि कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला. वर्षाचा पाऊस कमी असला तरी एका रात्रीचा पाऊस पुरेसा होतो.

तिसरं, खड्डे. निदान तीन घ्या: वर, मध्ये आणि खाली. मूळ मुरूम लागेपर्यंत खणायचे. मातीत प्लास्टिक, विटांचे तुकडे निघाले, पहार सहज आत जायला लागली, तर तो भराव समजा. खोल खड्ड्यात स्वतः उतरू नका, भरावाची बाजू कधीही ढासळते. यावल, रावेर, चोपड्याकडे सातपुड्याच्या पायथ्याशी डोंगरातून वाहून आलेले गोटे, वाळू आणि चिकणमाती यांची सरमिसळ असते. तिथे एका खड्ड्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही.

चौथं, लॅब. इथे एक घोळ होतो. शेतीची मृदा आरोग्य पत्रिका नत्र, स्फुरद, पालाश सांगते. जमीन किती वजन पेलेल ते सांगत नाही. आपल्याला हवी ती भारक्षमतेची चाचणी. चिकणमाती असेल तर फुगण्याचीही चाचणी करून घ्या. ती समजायला सोपी आहे: 10 ग्रॅम कोरडी, चाळलेली माती पाण्यात आणि तेवढीच रॉकेलमध्ये 24 तास ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. तिथे ती 10 मिली भरली आणि पाण्यात 16 मिली, तर फुगण्याचं प्रमाण 60 टक्के. 50 च्या वर आकडा गेला की सावध व्हायचं. जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या सिव्हिल विभागात चौकशी करा, चाचणी कुठे होते ते कळेल.

मग उपाय काय? चारही कोपऱ्यांचा पाया भरावातून आरपार खाली, मूळ मुरमापर्यंत न्यायचा. उतारावर तो पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो. पुढचे कॉलम उंच होतात, खर्च वाढतो, पण तो टाळण्यासारखा खर्च नाही. काळी माती खोलवर असेल तर खाली फुगवटा असलेले पाइल वापरतात. ठरवायचं मात्र इंजिनिअरने, रिपोर्ट बघून. घराच्या वरच्या बाजूला चर खणून पाणी बाजूने काढून द्या. संरक्षक भिंतीला पाणी निघायला भोकं ठेवा. शोषखड्डा पायाच्या वरच्या अंगाला नकोच.

मंडळी, घराचं कर्ज वीस वर्षांचं असतं, खड्डे खणायला एक दिवस लागतो. सौद्याची घाई करणारा म्हणेल, "भाऊ, शेजारी तीन मजली उभी आहे, कशाला माती तपासता?" त्याला एवढंच विचारा: शेजाऱ्याचा प्लॉट खोदलेला होता की भरलेला?

घरात कुणी प्लॉट बघत असेल तर इसार देण्याआधी हा भाग त्यांना नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!