एकोणपन्नासच्या खाली

पुणे-बंगळूर महामार्गावर शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतून बिडाचे ओतीव सुटे भाग भरून निघालेला अजस्र ट्रेलर आपल्या पुढच्या घोड्याला, म्हणजे ओढणाऱ्या वाहनाला, सर्वस्वी एका मनगटाएवढ्या पोलादी खुंटीने जोडलेला असतो, हे जेव्हा मला प्रथम समजले, तेव्हा त्या खुंटीची, म्हणजे किंगपिनची, तपासणी कोण आणि कशी करतो हे प्रत्यक्ष पाहिल्यावाचून मला चैन पडेना.

महामार्गालगतच्या एका गॅरेजात पासिंगसाठी आणलेला ट्रेलर घोड्यापासून सोडवून त्याच्या पुढच्या पायांवर उभा केला होता. दिवे, रेडियमच्या पट्ट्या, टायर, पाटे आणि हवेचे पाइप यांची पाहणी झपाट्याने उरकली. मग साठीकडे झुकलेले मिस्त्री ट्रेलरच्या पोटाखाली शिरले आणि पिनेवर साचलेले काळे वंगण चिंध्यांनी पुसू लागले. त्या वेळी जळक्या लायनरचा आणि शिळ्या ग्रीसचा जो संमिश्र, उग्र दर्प तेथे कोंदला, तो त्या कष्टांच्या आठवणीपासून मला आजही वेगळा करता येत नाही. पीन लखलखीत झाल्यावर त्यांनी व्हर्नियर लावला, आधी डाव्या-उजव्या अंगाने आणि नंतर पुढून-मागून, कारण ओढ ज्या दिशेने बसते त्या दिशेनेच पीन अधिक झिजते.

“नवी असती तवा पन्नास पॉइंट आठ,” ते म्हणाले. “एकोणपन्नासच्या खाली गेली की काढायची. मालक काय बी म्हणू दे, साहेब.”

म्हणजे सारी मुभा जेमतेम दोन मिलिमीटरांची! खंबाटकी घाटाच्या चढावर ताणल्या जाणाऱ्या आणि तवंदी घाटाच्या उतारावर मागच्या भाराचा रेटा सोसणाऱ्या त्या पोलादाला एवढीच झीज माफ आहे. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने मालवाहनांच्या एकूण वजनाची कमाल मर्यादा ५५ टनांपर्यंत वाढविली. आपल्याकडे सर्रास दिसणारी दोन इंची पीन मात्र होती तेवढीच राहिली. त्या दिवशीचे माप एकोणपन्नास पॉइंट तीन भरले. मिस्त्रींनी ते खडूने चासीवर लिहिले आणि मालकाच्या माणसाला बजावले, “सहा महिन्यांनी परत आणा. वरीसभर थांबू नका.”

सरकारी दाखला मात्र एक किंवा दोन वर्षांचा असतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५६ अन्वये योग्यतेच्या दाखल्यावाचून मालवाहन रस्त्यावर आणता येत नाही. आठ वर्षांपर्यंतच्या वाहनास तो दोन वर्षांचा आणि त्याहून जुन्या वाहनास एका वर्षाचा मिळतो. तपासणीच्या बाबी १९८९ च्या केंद्रीय नियमावलीतील नियम ६२ मध्ये नमूद आहेत. त्या मूळ तक्त्याचा प्रारंभ स्पार्क प्लगपासून होतो, आणि दिवे, भोंगा, काच पुसण्याचे यंत्र, धूर, ब्रेक अशा क्रमाने तो सुकाणूपर्यंत पोचतो. ज्या वाहनाला इंजिनही नाही आणि सुकाणूही नाही, त्याला या तक्त्यातील निम्म्याअधिक बाबी लागूच होत नाहीत. कायदा स्वतःच अशा ट्रेलरची, म्हणजे अर्धट्रेलरची, व्याख्या करताना, त्याच्या भाराचा काही अंश ओढणाऱ्या वाहनावर टेकलेला असतो, असे सांगतो. परंतु तो भार जेथे टेकतो आणि जेथून ओढला जातो, त्या सांध्यासाठी त्या तक्त्यात मला स्वतंत्र रकाना आढळला नाही. यात निरीक्षकाला दोष देणे अन्यायाचे होईल, कारण घोड्याला जोडलेल्या अवस्थेत त्याच्यापुढे येणाऱ्या ट्रेलरची पीन कोणालाच दिसत नाही. हवेचा पाइप तुटला तर ट्रेलरचे ब्रेक आपोआप आवळले जावेत अशी तजवीज त्याच्या रचनेतच असते. परंतु पीनच निसटली तर ब्रेक आवळेपर्यंत ट्रेलरचे नाक रस्त्यावर आदळलेले असते, आणि त्याच्या मागून दुचाकीवर घरी निघालेला फाउंड्रीचा कामगार येत असतो.

माझ्या मते, रेडियमच्या नव्या पट्टीपेक्षा त्या मिस्त्रींच्या खडूच्या आकड्यात त्या कामगाराचे अधिक रक्षण आहे. ट्रेलरमालकांना माझी कळकळीची विनंती आहे की पासिंगला जाण्यापूर्वी ट्रेलर घोड्यापासून सोडवावा, पीन पुसून दोन्ही अंगांनी मोजावी, माप तारखेसह वहीत नोंदवावे, आणि ते एकोणपन्नासच्या खाली आढळल्यास दाखल्याची मुदत कितीही शिल्लक असली तरी पीन त्याच दिवशी बदलावी.