पाणबुड्याचा हिशेब

मालवणच्या किनाऱ्याजवळ एक मच्छीमार नौका उभी आहे. तिच्या पंख्यात जाळे अडकले आहे. पंखा फिरत नाही, म्हणून नौका हलत नाही. मालकाने एका पाणबुड्याला बोलावले आहे. पाणबुड्या नौका पाहतो आणि म्हणतो, "तीन हजार रुपये होतील. हवा भरण्याचा खर्च आणि सोबत्याची मजुरी वेगळी."

मालक म्हणतो, "अहो, अर्ध्या तासाचे तर काम! एवढे पैसे कशाचे?"

मुलांनो, मालकाचा प्रश्न चुकीचा नाही. पैसे देणाऱ्याने हिशेब विचारावा. पण हा हिशेब पाण्याखाली आहे. तो समजण्यासाठी आपणही थोडे खाली जाऊ या.

पूर्वीचे पाणबुडे श्वास रोखून बुडी मारत. 1943 साली फ्रान्समध्ये झाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी एक साधन तयार केले. त्यामुळे पाठीवरच्या नळकांड्यातली हवा माणसाला पाण्यात हवी तेव्हा, हवी तेवढी मिळू लागली. अशा साधनांनी बुडी मारण्याला स्कूबा डायव्हिंग म्हणतात.

नळकांडे लहान दिसते, पण त्यात हवा दाबून भरलेली असते. बारा लिटरच्या नळकांड्यात साधारण 2,400 लिटर हवा मावते. पाण्याच्या पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर हवा लागते असे धरू. मग ती 120 मिनिटे पुरेल. पण समुद्रात दर दहा मीटरला दाब वाढतो. दहा मीटर खाली दुप्पट हवा लागते, तीस मीटर खाली चौपट. म्हणजे तेच नळकांडे दहा मीटरवर 60 मिनिटे आणि तीस मीटरवर फक्त 30 मिनिटे पुरते. त्यातही शहाणा पाणबुड्या सगळी हवा संपवत नाही. चौथा हिस्सा तो अडचणीसाठी राखून ठेवतो. म्हणून खोली वाढली की कामाचा दरही वाढतो.

वर येतानाही घाई चालत नाही. दाबामुळे हवेतला नायट्रोजन वायू शरीरात विरघळतो. माणूस झटकन वर आला, तर त्याचे बुडबुडे होतात. सोड्याच्या बाटलीचे झाकण उघडल्यावर होतात, तसे. त्यामुळे सांधे दुखतात. कधी अर्धांगवायू होतो, कधी जीवही जातो. म्हणून पाणबुड्या सावकाश वर येतो आणि वाटेत थांबतो. हा वेळही कामाचाच वेळ असतो.

आता पैशांचा हिशेब करू. समजा, या पाणबुड्याच्या घराला महिन्याला 20,000 रुपये लागतात. वर्षाचे झाले 2,40,000 रुपये. त्याचे सामान 1,20,000 रुपयांचे आहे आणि ते पाच वर्षे टिकते. म्हणजे दरवर्षी 24,000 रुपये नव्या सामानासाठी बाजूला ठेवायला हवेत. दुरुस्तीला 12,000 रुपये, विमा आणि वैद्यकीय तपासणीला 24,000 रुपये. एकूण 3,00,000 रुपये झाले.

ही रक्कम किती दिवसांनी भागायची? कोणी म्हणेल, 365 दिवसांनी. मग रोजचे सुमारे 822 रुपये येतील. इथेच नवखा माणूस फसतो. पावसाळ्यात समुद्र खवळतो, पाणी गढूळ होते आणि डायव्हिंग बंद राहते. उरलेल्या महिन्यांत कधी वारा असतो, कधी काम नसते, कधी शरीराला विश्रांती हवी असते. समजा, कामाचे दिवस 100 भरले. रोज 822 रुपये घेतले, तर वर्षाचे 82,200 रुपयेच होतील. त्यात चार महिनेसुद्धा निघणार नाहीत. तीन लाखांना 100 ने भागले, तर दिवसाचा दर 3,000 रुपये येतो. नोकरी करणाऱ्याला रजेचाही पगार मिळतो. स्वतंत्र काम करणाऱ्याला आपली रजा आपल्या दरातच धरावी लागते.

मालक पुन्हा म्हणतो, "दुसरा पाणबुड्या तर सोबत्याशिवाय येतो. तो हजार रुपयांत काम करतो."

पाणबुड्या शांतपणे सांगतो, "माझ्या मजुरीत शंभर-दोनशे कमी करीन. पण सोबती कमी करणार नाही. जाळे कापताना माझाच पाय त्यात अडकला, तर मला कोण सोडवणार? आणि आणखी एक अट आहे. मी खाली असेपर्यंत इंजिन बंद राहील आणि त्याची किल्ली माझ्या सोबत्याकडे राहील."

स्वस्त दराचा धोका इथेच आहे. दर फार उतरला की माणूस आधी सोबती सोडतो, मग सामानाची तपासणी पुढे ढकलतो, मग राखीव हवाही वापरतो. हे वरून कोणाला दिसत नाही. अपघात झाला की मगच दिसते.

तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंग शिकवणारी संस्था आहे. या किनाऱ्यावर पर्यटकांना पाण्याखालची दुनिया दाखवण्याचे कामही चालते. तिथेही हाच नियम लागू आहे. नवख्या माणसाजवळ प्रशिक्षित पाणबुड्या सतत हवा. पैसे त्याच्या नजरेचे असतात.

मालकाने थोडा विचार केला. मग त्याने इंजिन बंद केले आणि किल्ली सोबत्याच्या हातात दिली. अर्ध्या तासाने पंखा मोकळा झाला. दोघेही पाणबुडे हसत वर आले.

शब्दार्थ
पाणबुड्या – पाण्याखाली जाऊन काम करणारा
नळकांडे – हवा भरलेली धातूची टाकी
गढूळ – मातीमुळे अस्वच्छ झालेले (पाणी)
नवखा – अनुभव नसलेला

स्वाध्याय
1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) नौका का हलत नव्हती?
(आ) पाणबुड्या चौथा हिस्सा हवा का राखून ठेवतो?
2. कारण सांगा : पाणबुड्या सावकाश वर येतो.
3. हिशेब करा : त्या पाणबुड्याला वर्षात 80 दिवसच काम मिळाले, तर दिवसाचा दर किती ठेवावा लागेल?
4. हिशेब, मजुरी, खर्च, किनारा हे शब्द उर्दूतही आहेत. धड्यातून असे आणखी चार शब्द शोधा आणि वाक्यांत उपयोग करा.
5. तुमच्या ओळखीच्या एका कारागिराला विचारा : तो आपल्या कामाचा दर कसा ठरवतो? पाच ओळी लिहा.