तोंडाचे शब्द

गेल्या पावसाळ्यात आईचे तोंड आले. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘स्टोमॅटायटिस’ असे लिहिले. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटीच. ‘स्टमक म्हणजे पोट, तेव्हा मूळ दुखणे पोटाचे,’ असे मी ठामपणे सांगून टाकले. झाले! तोंडात लावायचे औषध फळीवर राहिले आणि आईने दोन दिवस सुंठ-ओव्याचा काढा घेतला. सोललेल्या तोंडात तो कढत काढा! डोळ्यांत पाणी यायचे. पण ‘पोरगी शिकलेली आहे’ म्हणून ती निमूट प्यायची. तिसऱ्या दिवशी कंपाउंडरने चूक दाखवली. त्या शरमेने मी ग्रंथालयातला कोश उघडला.

ग्रीक भाषेत ‘स्टोमा’ म्हणजे तोंड आणि वैद्यकात ‘आयटिस’ म्हणजे दाह. गंमत अशी, की ‘स्टमक’ हा शब्दही ‘स्टोमा’च्याच कुळातला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ घसा, अन्ननलिका असा होता. मागाहून तो जठराला चिकटला. नाते खरे होते, माझे निदान खोटे!

वैद्यकाने शब्द दोन घरांतून आणले, ग्रीक आणि लॅटिन. म्हणून एकाच अवयवाला दोन पूर्वपदे. तोंडाला ग्रीक ‘स्टोमॅटो’, तर लॅटिन ‘ओरो’. त्याच घरातला ‘ओरल’. जिभेला ‘ग्लॉसो’ आणि ‘लिंग्वो’. जिभेचा दाह तो ग्लॉसायटिस. दातांना ‘ओडोन्टो’ आणि ‘डेन्टो’. ओठांना ‘कायलो’ आणि ‘लेबिओ’. गालाला लॅटिन ‘बक्को’, हिरडीला ‘जिंजिव्हो’, लाळेला ग्रीक ‘सायलो’.

आपण व्याकरणात ‘प’ला ओष्ठ्य आणि ‘त’ला दंत्य म्हणतो. इंग्रजीत तेच लेबियल आणि डेंटल! आपला ‘दंत’ आणि लॅटिन ‘डेन्स’ तर सख्खी भावंडे.

हे नुसते कोशातले कौतुक नव्हे. छातीतल्या कळेसाठी दिलेल्या गोळीवर ‘सबलिंग्वल’ असे असेल, तर ती जिभेखाली ठेवायची असते. ती गिळली तर गुण यायला वेळ लागतो, आणि अशा वेळी वेळच थोडा असतो.

अर्थात शब्द फोडता आला म्हणजे रोग कळला असे नाही. ते काम डॉक्टरांचे. पण आपल्यासारख्या घरांत चिठ्ठी प्रथम कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्या हाती येते आणि त्याच्या शब्दावर सारे घर विश्वास टाकते. अशा वेळी ‘मला ठाऊक नाही, विचारून सांगते’ हे वाक्यही तोंडात असावे. मला ते दोन दिवस उशिरा सुचले.