साधनाने आपल्याकडे काय ठेवावे?

गणित शिकणाऱ्या मुलाच्या हाती कॅल्क्युलेटर द्यावा की देऊ नये, हा वाद आता जुना झाला. मोबाइल घरोघरी पोहोचल्यावर त्यात फारसा अर्थही उरलेला नाही. माझ्या मते प्रश्न वेगळा विचारायला हवा. साधन कामाचा कोणता भाग स्वतः करते आणि कोणता भाग शिकणाऱ्याकडे ठेवते? साधन घडवणारा हा निर्णय घेतोच. पुष्कळदा नकळत घेतो.

पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी हेही एक साधनच होते. रुपयाचे १६ आणे आणि मणाचे ४० शेर असलेल्या व्यवहारासाठी ते घडले. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पाठोपाठ मेट्रिक वजने-मापे आली आणि या पाढ्यांची बाजारातली गरज संपली. छडीच्या धाकाने झालेल्या पाठांतराचे गोडवे मी गाणार नाही. पण पस्तिसाची अडीचपट म्हणताच नव्वदीच्या जरा अलीकडचा आकडा मनात उभा राही, हा लाभ खरा होता.

हाच लाभ स्लाइड रूल वेगळ्या रीतीने देत असे. नेपियरने १६१४ साली लॉगॅरिथमची कल्पना प्रसिद्ध केली आणि त्याच शतकात ही सरकती पट्टी तयार झाली. तिच्यावरची अंतरे आकड्यांच्या लॉगॅरिथमप्रमाणे आखलेली असतात. म्हणून दोन लांब्या एकापुढे एक ठेवल्या की गुणाकार मिळतो. मात्र पट्टी दशांशचिन्ह सांगत नाही. २.४ गुणिले ३५ केले, तर ती ८ आणि ४ हे अंक दाखवते, उत्तर ८.४, ८४ की ८४०, हे वापरणाऱ्याने ठरवायचे. अंदाज बांधल्याशिवाय पट्टी वापरताच येत नसे. १९७२ साली एचपी-३५ हा खिशात मावणारा सायंटिफिक कॅल्क्युलेटर आला आणि काही वर्षांतच पट्टी मागे पडली. अचूकता वाढली, वेग वाढला, आणि अंदाजाची सक्ती गेली.

कॅल्क्युलेटरचे उत्तर निर्विवाद वाटते, पण त्यामागेही कोणाचा तरी निर्णय असतो. दुकानातल्या साध्या कॅल्क्युलेटरवर २ + ३ × ४ ही बटणे क्रमाने दाबली, तर उत्तर २० येते. सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर १४ येते. पहिला येईल ती क्रिया लगेच उरकतो, दुसरा गुणाकार आधी करतो. दोन्ही यंत्रे आपल्या नियमाशी प्रामाणिक आहेत. नियम कोणता, हे मात्र वापरणाऱ्यालाच ठाऊक असावे लागते.

चांगल्या घडणीचे उदाहरण म्हणून मी लोगो या संगणकभाषेकडे पाहतो. सीमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत १९६७ साली ती मुलांसाठी तयार केली. पुढे तिच्यात कासव आले. 'इतके पुढे जा, इतके वळ' असे सांगायचे आणि कासवाने रेघ ओढायची. समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, म्हणून मूल कासवाला प्रत्येक टोकाला ६० अंश वळायला सांगते. तीन बाजू होतात, पण आकृती मिटत नाही. तसेच चालू ठेवले तर षट्कोन तयार होतो. 'चूक' असा लाल शिक्का कोठेच उमटत नाही. मूल स्वतः चालून पाहते आणि लक्षात येते की वळताना बाहेरचा कोन मोजायचा, १२० अंशांचा. पूर्ण फेरीत ३६० अंश वळणे होते, हेही त्यातूनच उमगते.

याउलट आजची पुष्कळ शैक्षणिक ॲप्स चार पर्याय देतात, चुकले की लगेच बरोबर उत्तर दाखवतात आणि गुण मोजून पुढे नेतात. विचार करण्याची जागाच तेथे भरून टाकलेली असते. माझी सूचना साधी आहे. मुलाने आधी आपला अंदाज लिहावा; तोवर 'बरोबर'चे बटण चालू नये. ३५० रुपयांवर १८ टक्के कर म्हणजे किती? दहा टक्क्यांचे ३५, वीस टक्क्यांचे ७०, म्हणजे सत्तरीच्या थोडे आत. मग पडद्यावर ६३ आले तर पटते आणि चुकून ६३० आले तर खटकते.

हे खटकणे ज्याच्यापाशी आहे, त्याच्या हाती कोणतेही यंत्र निर्धास्तपणे द्यावे. ज्याच्यापाशी नाही, तो पडदा सांगेल ते खरे मानणार; आणि पुढे बिल, कर्जाचा हप्ता, निवडणुकीतले आकडे हे सारे त्याला पडद्यावरच भेटणार आहेत.