प्रश्नावलीचे भाषांतर व प्रमाणीकरण : जर्मनभाषक स्त्रियांतील अनैच्छिक मूत्रस्राव

दर्शन, स्पर्शन व प्रश्न या त्रिविध परीक्षेपैकी अनैच्छिक मूत्रस्रावात प्रश्नपरीक्षेलाच अग्रस्थान द्यावे लागते. त्रास किती हे रुग्णेखेरीज अन्य कोणी सांगू शकत नाही, आणि ती लज्जेमुळे सहसा बोलत नाही. यासाठीच लेखी प्रश्नावल्या निर्माण झाल्या. किंग्ज आरोग्य प्रश्नावली लंडनहून १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. २००४ मधील 'आयसीआयक्यू' लघुप्रश्नावलीत वारंवारतेस ५, प्रमाणास ६ व दैनंदिन व्यवहारातील अडथळ्यास १० असे कमाल २१ गुण धरले जातात. दोन्ही मूळ इंग्रजीत. जर्मनी, ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंडमधील स्त्रियांना त्या विचारावयाच्या, तर केवळ भाषांतर पुरत नाही.

प्रचलित पद्धती अशी : जर्मन मातृभाषा असलेले दोघे स्वतंत्रपणे भाषांतर करतात, त्यांचा मेळ घातला जातो, आणि मूळ प्रश्नावली न पाहिलेली व्यक्ती त्याचे पुन्हा इंग्रजी करते. या प्रतिभाषांतरावर अनेकांचा फार विश्वास असतो; प्रस्तुत लेखकास तो अवाजवी वाटतो. 'स्ट्रेस' हाच शब्द घ्या. खोकला, शिंक वा वजन उचलणे यांमुळे होणाऱ्या स्रावास जर्मन वैद्यकात पूर्वी 'श्ट्रेस-इन्कॉन्टिनेन्झ' म्हणत. परंतु बोलीत 'श्ट्रेस' म्हणजे मानसिक ताण (मराठीतही निराळे नाही). प्रतिभाषांतरात हा शब्द निर्दोष ठरतो, कारण 'श्ट्रेस'चे इंग्रजी पुन्हा 'स्ट्रेस'च होते. चूक उघड होते ती रुग्णेस 'यातून आपण काय समजलात?' असे विचारल्यावरच. आज तेथे भारवाचक 'बेलास्टुंग' हा शब्द रूढ आहे. तोही मानसिक भारासाठी वापरला जातोच. म्हणून रुग्णेस संज्ञा न विचारता 'खोकताना वा शिंकताना लघवी होते काय?' असे विचारणे श्रेयस्कर. प्रदेशभेदही आहेच : ऑस्ट्रियात 'झेसल' म्हणजे साधी खुर्ची, जर्मनीत आरामखुर्ची.

यानंतर मोजमाप. एकाच विषयाचे प्रश्न परस्परांशी जुळतात का, हे क्रोनबाखच्या अल्फा गुणांकाने पाहतात, ०.७ च्या वर तो सामान्यतः ग्राह्य. उपचार न बदलता एक-दोन आठवड्यांनी तीच उत्तरे मिळावीत. मात्र ही झाली विश्वसनीयता. चुकीचा प्रश्नही सातत्याने चुकीचेच उत्तर देऊ शकतो. वैधतेसाठी गुणांची तुलना मूत्रनोंदवही व पॅडच्या वजनाशी करतात, निरोगी स्त्रियांचे गुण वेगळे येतात का ते पाहतात, आणि श्रोणितलाच्या व्यायामाने वा शस्त्रक्रियेने बरे वाटलेल्या स्त्रीचे गुण खरोखर उतरतात का हेही तपासतात. कोरे सोडलेले प्रश्न अवश्य मोजावेत. कामजीवनाविषयीचा प्रश्न एकाकी वृद्धा रिकामा सोडील, तर तो त्रासाचा अभाव नव्हे. किंग्ज प्रश्नावलीत तेथे 'लागू नाही' हा पर्याय आहे.

औषधविक्रेत्या बंधूंकडे एखाद्या कल्पाचे माहितीपत्रक 'गुणांकात घट' दाखवीत आले, तर प्रश्नावली कोणती, ती रुग्णांच्या भाषेत प्रमाणित होती काय, आणि मिश्र प्रकाराच्या रुग्णा वेगळ्या मोजल्या काय, हे तीन प्रश्न प्रतिनिधीस अवश्य विचारावेत. चिकित्सालयात मराठी प्रत वापरू इच्छिणाऱ्या वैद्यांनी घरगुती भाषांतर न करता प्रथम मूळ स्वामित्वधारकांकडे अधिकृत प्रतीची चौकशी करावी.